दोघांचा परदेश प्रवास: खर्च मोजायचा कसा?

आज आपण एकाच वाक्याचा विचार करणार आहोत. आपल्या आरोंद्यात कुणी व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड अशी नावं काढली की ते वाक्य हमखास कानावर येतं: 'आमकां खंय परवडतला?' बोलणारा प्रश्न विचारतोय असं वाटतं, पण तो उत्तरच देत असतो. हिशोब झालेलाच नसतो. म्हणून आज हे 'परवडणं' म्हणजे नेमकं काय, ते तपासू या.

एक काळ असा होता की हा प्रश्न आपल्याला पडण्याचं कारणच नव्हतं. पु. ल. देशपांडे यांचं 'पूर्वरंग' वाचून आपल्या पिढीने पूर्वेकडचे देश पाहिले, म्हणजे घरात बसून पाहिले. १९७३ चा फेरा कायदा होता तेव्हा परकीय चलन किती मिळणार हे सरकार ठरवायचं. खिशात रुपये असले तरी डॉलर मिळतीलच असं नव्हतं. पुढे फेमा कायदा आला, जून २००० पासून लागू झाला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला दरवर्षी ठरावीक रक्कम परदेशी नेण्याची मुभा दिली. सुरुवातीला ती २५ हजार डॉलर होती, आज अडीच लाख डॉलर आहे. तेव्हा 'नाही' म्हणणारं सरकार बाजूला झालं. आता 'नाही' म्हणायचं की 'हो', ते आपणच ठरवायचं. आणि स्वतः ठरवायचं तर हिशोब नीट हवा.

पहिली गोष्ट, खर्च कुठून कुठपर्यंत मोजायचा? आपल्या घराच्या उंबरठ्यापासून परत त्याच उंबरठ्यापर्यंत. जाहिरातीत 'मुंबईहून इतके हजार' असं लिहिलेलं असतं. पण आपण मुंबईत राहत नाही. सावंतवाडी रोडपर्यंतची रिक्षा, रेल्वेचा लांब प्रवास, मुंबईत एखादा मुक्काम, तिथून विमानतळाची टॅक्सी, आणि परतीला हे सगळं उलट. या सगळ्याची बेरीज केली की स्वस्त तिकीट तितकं स्वस्त राहत नाही. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे. खाडी ओलांडून किरणपाणीला उतरलं की आपण पेडण्यात, आणि मोपाही पेडण्यातच. त्यामुळे मोपाहून मुंबई किंवा बेंगळुरूमार्गे जाणारं तिकीट वरवर महाग दिसलं, तरी उंबरठ्यापासून मोजल्यावर ते स्वस्त ठरू शकतं. फक्त एक सांभाळायचं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं चुकतं आणि त्याचे पैसे सहसा बुडतात.

घराचाही खर्च असतो बरं का. आपण नसताना पोफळीला पाणी कोण घालणार, गुरांना वैरण कोण टाकणार? त्या माणसाची मजुरी हा प्रवासाचाच खर्च आहे. तो वहीत लिहिला नाही म्हणून टळत नाही.

दुसरी गोष्ट, खर्चाची जात ओळखणं. प्रवासाच्या खर्चाला दोन प्रश्न विचारायचे. हा खर्च एकदाच होतो की रोज? आणि तो माणशी आहे की दोघांत एक? विमानाचं तिकीट एकदाच, पण माणशी. हॉटेलची खोली रोज, पण दोघांत एक. टॅक्सीही दोघांत एक. जेवण रोज आणि माणशी. व्हिसा एकदाच आणि माणशी. व्हिएतनामचा ऑनलाइन व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलर आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे पाच दिवस राहा की पन्नास, फी तीच.

आता उदाहरण घेऊ. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून लिहून घेऊ नका. दोघं व्हिएतनामला निघाली. विमानाची तिकिटं दोघांची ६०,०००. व्हिसा ४,५००. विमा ४,०००. घर ते मोपा जाऊन-येऊन टॅक्सी ३,०००. हनोई ते दा नांग असा त्या देशातला मोठा प्रवास दोघांचा १२,०००. हा झाला एकदाचा खर्च, ८३,५०० रुपये. आता रोजचा. खोली ३,५००, दोघांचं जेवण २,५००, स्थानिक फिरणं १,५००, प्रवेशतिकिटं १,५००. रोजचे ९,०००.

पाच दिवस राहिलो तर एकूण १,२८,५००, म्हणजे दिवसाला २५,७००. आठ दिवस राहिलो तर १,५५,५००, दिवसाला साडेएकोणीस हजारांच्या आत. अकरा दिवस राहिलो तर १,८२,५००, दिवसाला साधारण १६,६००. म्हणजे काय झालं? पाचाचे आठ दिवस केले तर वरचे २७,००० लागले. पण आज पाच दिवसांची सहल केली आणि 'राहिलेलं पुढच्या वर्षी बघू' म्हटलं, तर ते ८३,५०० पुन्हा मोजावे लागतात. नोकरीत असताना रजा नसायची, म्हणून धावती सहल समजण्यासारखी होती. निवृत्तीनंतर आपल्याकडे दिवस आहेत. तरीही आपण कामावर परतायचं असल्यासारखी पाच दिवसांची सहल घेतो, सकाळी पाचला उठून बसमध्ये बसतो आणि गुडघे धरून घरी येतो. वाचवायला गेलो पैसे, आणि उधळलं तेच, जे आपल्याकडे कमी उरलं आहे.

हाच नियम कंबोडियात तिकीटखिडकीवरच दिसतो. अंकोरच्या मंदिरांचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२ आणि सात दिवसांचं ७२. म्हणजे दिवसाला अनुक्रमे ३७, साधारण २१ आणि साधारण १०. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं विष्णूचं मंदिर, ज्याच्या डागडुजीचं काम १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने केलं, ते धापा टाकत एका दुपारी बघायचं की सावकाश तीन सकाळी? दोघांचा फरक ५० डॉलरचा आहे. तो द्यायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण फरक किती ते माहीत असावं.

तिसरी गोष्ट म्हणजे पॅकेज. त्याची किंमत बहुतेक वेळा 'माणशी, एका खोलीत दोघं' अशी छापलेली असते. आपल्याला लागणारा आकडा त्याच्या दुप्पट. त्यात व्हिसा आहे का, विमा आहे का, दुपारचं जेवण आहे का, टिप वेगळी आहे का, विमान कुठून धरलंय, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय दोन पॅकेजांची तुलना करू नये. पॅकेज महाग म्हणून नाकं मुरडण्याचंही कारण नाही. सोबत मराठी बोलणारा माणूस आहे, शाकाहारी जेवणाची सोय आहे, रात्री पोट बिघडलं तर कुणाचं दार ठोठवायचं ते माहीत आहे. याला किंमत असतेच. ती आपण देतोय, हे कळून द्यावी.

आणि इथे एक घोळ होतो. परदेशी सहलीचं पॅकेज घेताना विक्रेता आपल्याकडून टीसीएस घेतो. तर्कशास्त्रात वर्गदोष म्हणतात, म्हणजे एका वर्गातली गोष्ट दुसऱ्याच वर्गात टाकणं. तसं इथे होतं. जीएसटी हा खर्च आहे, तो गेला. टीसीएस हा खर्च नव्हे. तो आपल्या पॅन क्रमांकावर सरकारकडे जमा झालेला आगाऊ प्राप्तिकर आहे. समजा दोन लाखांच्या पॅकेजवर ५ टक्के दर असेल, तर दहा हजार. दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत आल्या आहेत, तेव्हा त्या वर्षाचा दर विचारून घ्यावा. पण हे दहा हजार परत मिळवायचे तर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरावं लागतं. आपल्याकडे कितीतरी जणांना कर लागत नाही, म्हणून ते विवरणपत्र भरत नाहीत. त्यांचे हे पैसे तसेच पडून राहतात. आणि पावती कुणाच्या पॅनवर आहे तेही बघा. मुलाने हौसेने पैसे भरले आणि त्याचाच पॅन दिला, तर परतावा त्याच्या हिशोबात जाईल.

चौथी गोष्ट, परक्या नोटांची भीती. व्हिएतनाममध्ये रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात. दोघांच्या जेवणाचं बिल तीन लाख आलं की छातीत धस्स होतं. शेवटची तीन शून्यं सोडा, उरलेल्याला तीनने गुणा आणि थोडं वर धरा. तीन लाखांचे झाले हजारभर रुपये. उलटी चूकही होते. दोन लाखांची नोट खेळातली वाटते आणि दिवसभरात अशा दहा नोटा जातात. कार्डाने पैसे दिले तर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के वर घेतात, त्यावर जीएसटी. निघण्याआधी बँकेत विचारावं.

काळही किमतीत येतो. शाळेच्या सुट्ट्या आणि दिवाळी सोडून जाणं आपल्याला जमतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात, म्हणजे दा नांग, होई आन, ह्यू या पट्ट्यात, धो धो पाऊस असतो, पूरही येतात. टेट हा त्यांचा नववर्षाचा सण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतो, तेव्हा दुकानं बंद आणि भाडी चढी. आपल्याकडे भातकापणी आटोपलेली असावी, आंबा उतरवायची घाई सुरू झालेली नसावी, आणि तिकडे टेट संपलेला असावा. हे जुळवलं तर फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ हाती लागतो.

आता शेवटचा आणि थोडा अवघड मुद्दा. वरचाच हिशोब एका माणसासाठी करू. तिकीट, व्हिसा, विमा आणि देशातला प्रवास निम्मा झाला. पण मोप्याची टॅक्सी तेवढीच, खोली तेवढीच, स्थानिक गाडी तेवढीच. एकदाचा खर्च ४३,२५०, रोजचा ७,०००. आठ दिवसांचे ९९,२५०. दोघं गेली असती तर माणशी ७७,७५० पडले असते. म्हणजे एकट्याला २१,५०० जास्त. पॅकेजवालेही एकट्या माणसाकडून खोलीचा वेगळा आकार घेतात. वय वाढलं की विमाही महाग होतो, मधुमेह, रक्तदाब लपवून चालत नाही. 'सावकाश जाऊ' म्हणताना आपण गृहीत धरतो की पुढेही दोघंच असू आणि दोघंही चालती-फिरती असू. हे गृहीतक आपण कुठेच लिहीत नाही. पण हिशोबात ते सर्वात मोठं आहे.

म्हणजे कर्ज काढून जावं का? मुळीच नाही. औषधपाण्याची गंगाजळी मोडून, घराचं छप्पर गळत असताना जाणं याला परवडणं म्हणत नाहीत. आणि सगळा हिशोब करून 'आम्हांला जायचं नाही' असं ठरलं, तर तेही उत्तम उत्तर आहे. फक्त ते दोघांचं असावं. आपल्या घरांत बऱ्याचदा ज्याच्या नावावर पेन्शन तो आकडा सांगतो, आणि जिच्या नावावर काही नाही ती आधीच 'नको' म्हणून मोकळी होते. ते 'नको' इच्छेचं आहे की सवयीचं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, काय बघायचंय आणि किती दिवस. मग एका वहीत चार रकाने आखा: एकदाचा, रोजचा, माणशी, दोघांत एक. खरे आकडे विचारून भरा. त्यानंतर 'परवडत नाही' म्हणालात, तर ते आम्हांला मान्य आहे.

इथे थांबू या. कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.