थोडा आनंद रोज हवा

आरोग्याच्या या पानावर आम्ही साखर, रक्तदाब, रक्तक्षय, क्षयरोग यांबद्दल नेहमी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. वस्तीत कुणाच्या तब्येतीची चौकशी करताना आम्ही हल्ली एक प्रश्न मुद्दाम विचारतो. गेल्या आठवड्यात मनाला बरे वाटेल असे तुम्ही काय केले? ऐकणारा आधी हसतो, मग विचारात पडतो. ‘पोरांचे शिक्षण होऊ दे, मग बघू.’ ‘घराचा हप्ता फिटू दे.’ ‘सुनेचे बाळंतपण आटपू दे.’ आनंदाची तारीख नेहमी पुढची असते. आणि ती तारीख आली, की तोवर गुडघे दुखायला लागलेले असतात.

जासई आणि आसपासचा पनवेल-उरणचा पट्टा गेल्या 40-45 वर्षांत पार बदलून गेला. शेती आणि मिठागरे गेली, बंदर आले, कंटेनर यार्ड आणि गोदामे आली. रस्त्याला रात्रंदिवस ट्रेलरची रांग असते, धुळीने अंगणातली तुळसही राखाडी दिसते. कामे बहुतेक कंत्राटाची आणि पाळीची. नवरा रात्रपाळीला, बायको सकाळी घरकामाला, मुले क्लासला. एका घरातली माणसे एका ताटाभोवती बसत नाहीत. अशा जगण्यात अंग थकतेच, पण मनही हळूहळू सुकते. झोप लागत नाही, भूक मरते किंवा सारखे खावेसे वाटते, लहानशा बोलण्यावरून भांडण होते. याला आपण ‘टेन्शन’ म्हणतो आणि पुढे ढकलतो.

गोव्यातला अनुभव

मन खचले, की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी मैत्रिणीकडे जाणे बंद होते, मग विहारात जाणे, मग गाणी ऐकणे, मग केस नीट विंचरणेही. जेवढे कमी करतो तेवढे मन आणखी उदास होते, आणि जेवढे उदास तेवढे करणे आणखी कमी. ‘बरे वाटले की करू’ असे आपण म्हणतो. पण काही केल्याशिवाय बरे वाटतच नाही, असा हा फेरा आहे.

हा फेरा उलट्या बाजूने तोडता येतो. मन लागो न लागो, आधी लहानशी, आवडणारी किंवा कामाची गोष्ट ठरवून करायची. मन मागाहून येते. या पद्धतीवर आपल्या शेजारी गोव्यात मोठे काम झाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ नावाचा उपक्रम तपासून पाहिला. तीव्र उदासीनतेचे म्हणजे डिप्रेशनचे 495 रुग्ण त्यात होते. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे आधी कोणतेही शिक्षण नसलेली ही साधी माणसे होती, त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाबरोबर बसून ठरवत, की या आठवड्यात तू कोणत्या गोष्टी करणार आणि कधी करणार. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा या भेटी मिळालेल्यांपैकी शंभरात 64 जणांची लक्षणे ओसरली होती. केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात 39 होते. ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली हे निष्कर्ष छापून आले.

आमच्या दृष्टीने यातला मोठा धडा असा, की हे काम सरकारी केंद्राच्या बाकावर झाले, गरीब-मध्यम घरांतल्या माणसांबरोबर झाले. त्यासाठी महागडी सहल किंवा नवे कपडे लागले नाहीत.

आनंद म्हणजे मान तुकवणे का?

इथे आपल्यातला एखादा कार्यकर्ता रास्त प्रश्न विचारील. आधी पाणी, गटार, पक्की नोकरी मागा. गरिबाला ‘लहान गोष्टींत सुख मान’ म्हणून सांगणे ही तर जुनीच फसवणूक आहे. जासईच्या मातीत हा प्रश्न अधिकच शोभतो. दि. बा. पाटील यांचे हे गाव. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. लढल्याशिवाय काही मिळत नाही, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात संतोषाचा अर्थ सांगताना त्यांनी स्पष्ट केले, की संतोष म्हणजे परिस्थितीला शरण जाणे नव्हे, आणि तथागतांनी दारिद्र्याला कधी धन्य म्हटलेले नाही. तेव्हा आम्हीही म्हणत नाही, की नळाला पाणी नसताना पावसाकडे पाहून खूश व्हा. आमचे म्हणणे एवढेच, की नळासाठी अर्ज घेऊन उद्या ग्रामपंचायतीत जायचे तर आजची रात्र नीट झोपलेली हवी आणि मनात थोडी ऊब हवी.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. इतरांना जी साधी सुखे वाटतात, ती आपल्या पूर्वजांना मनाई होती. पाणी पोटभर पिणे हे केवढे लहान सुख! त्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडला जावे लागले, आणि महाड आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. 1936 साली तेव्हाच्या जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्य गृहस्थाने यात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले, एवढ्यावरून सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन चालून आला. ‘जातिसंहार’ या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ही हकिगत नोंदवली आहे. तुपाचा एक चमचाही ज्यांना सहन झाला नाही, त्यांनी आपल्याला शिकवले, की सुख तुझ्यासाठी नाही. ‘आम्हाला कुठली आली मजा’ हे वाक्य आपल्या तोंडी येते, तेव्हा ते कुणाचे शिकवणे आहे, हे तपासून पाहावे.

धम्मातही सुखाला भ्यायला सांगितलेले नाही. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात तथागत आपलीच हकिगत सांगतात. कठोर तपाने शरीर झिजले, हाडे दिसू लागली, तरी वाट सापडेना. तेव्हा त्यांना लहानपणीची एक आठवण झाली. वडील कामात होते आणि आपण जांभळाच्या गार सावलीत बसलो होतो. मन कसे शांत आणि आनंदी होते! ज्या सुखात लोभ नाही, कुणाचे वाईट नाही, त्याला आपण का भितो आहोत, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला. आणि एवढ्या खंगलेल्या देहाने ते सुख साधणार नाही, हे ओळखून त्यांनी अन्न घेतले. मध्यम मार्गाचा धागा तिथे सापडतो. आपल्या वस्तीतल्या माउल्या, ज्या सगळ्यांना वाढून उरले तर जेवतात, त्यांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

नवे शिकायला वय नसते

रोजच्या सुखाइतकेच महत्त्वाचे आहे काहीतरी नवे करून पाहणे. तेच काम, तोच रस्ता, तीच चिंता यांत मन गंजते. नवी गोष्ट शिकताना लक्ष तिच्यात गुंतते, तेवढा वेळ काळजीचे चक्र थांबते, आणि ‘मला हे जमले’ ही भावना जवळ राहते.

याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्या भिंतीवरच्या फोटोत आहे. मधुमेह, सांधेदुखी यांनी बेजार झालेल्या, राज्यघटनेपासून समाजकार्यापर्यंत कामाचा डोंगर डोक्यावर असलेल्या बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले, त्यासाठी शिक्षक ठेवला. त्यांना पेनांचा षोक होता, कुत्र्यांचा लळा होता, बागेची आवड होती. आपण त्यांचे ग्रंथ आणि त्यांचा कोट आठवतो, तसे हातात व्हायोलिन घेतलेले बाबासाहेबही आठवावेत. त्यांना सवड होती म्हणून नव्हे, त्यांनी ती काढली.

दुसरे उदाहरण महाडचेच. डिसेंबर 1927 च्या परिषदेवेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, जातीची खूण म्हणून अंगावर आलेले जाड दागिने टाका. त्या स्त्रियांनी ‘लोक काय म्हणतील’ म्हणत वर्ष घालवले नाही. नव्या पद्धतीने लुगडे नेसायला लगेच सुरुवात केली. आपल्या आज्या-पणज्या नव्याला भ्यालेल्या नव्हत्या.

आपल्याच परिसरात काय काय आहे

- पहाटे किंवा संध्याकाळी, ट्रेलरचा रस्ता टाळून, गावाच्या आतल्या बाजूने किंवा शेताच्या बांधाने अर्धा तास चालणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास चाललात की तेवढा होतो. शेजारणीला सोबत घ्या, म्हणजे चुकणार नाही.
- उरणच्या रेल्वेने एकदा तरी सहकुटुंब जाणे. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूबरोबरच खारकोपर ते उरण या रेल्वे टप्प्याचेही उद्घाटन झाले. सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही, पण रेल्वे आपली आहे. डबा घरून घ्या आणि पीरवाडीच्या किनाऱ्यावर सूर्य मावळताना पाहा.
- घारापुरी आपल्याच उरण तालुक्यात आहे. तिथली शिवाची लेणी जगाला ठाऊक आहेत. पण पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्या मुलांना दाखवले का? सोमवारी लेणी बंद असतात, आणि भर पावसाळ्यात होडीने जाऊ नये.
- पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य. मुलांना दहा पक्षी ओळखायला सांगा. मोबाइल आपोआप खिशात जातो.
- पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कंटोली यांपैकी जी भाजी घरात कधी केली नाही, ती जाणत्या बाईला विचारून करून पाहणे. ओळख पटल्याशिवाय रानभाजी खाऊ नये.
- विहारात आठवड्यातून एक तास ढोलकी, पेटी किंवा भीमगीतांचा सराव. जयंतीला बाहेरून डीजे आणतो, त्यातले थोडे पैसे एका पेटीला घातले तर वर्षभर आवाज आपलाच राहील.
- आजीने नातीकडून मोबाइलवर संदेश लिहायला शिकणे आणि नातीने आजीकडून सुकटीची चटणी. दोघींचाही वर्ग एकाच ओट्यावर.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असे बायका विचारतात, आणि त्यांचे खरे आहे. घरातल्या बाईला सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत स्वतःचा अर्धा तास मिळत नसेल, तर तिला ‘आनंदी राहा’ म्हणणे ही थट्टा आहे. म्हणून पुरुषांना आमचे सांगणे आहे, की आठवड्यातून एक संध्याकाळ चूल तुम्ही सांभाळा. भात आणि आमटीच करा, पण करा. तुमच्यासाठी ती नवी गोष्ट होईल आणि तिच्यासाठी सुट्टी.

कसे सुरू करावे

कागदावर पाच गोष्टी लिहा, ज्या पूर्वी आवडत होत्या किंवा करून पाहायच्या राहिल्या. त्यांतली सगळ्यात सोपी निवडा. ‘करू कधीतरी’ नको. वार आणि वेळ लिहा. दहा मिनिटांची असली तरी चालेल. पहिल्यांदा काहीच वाटले नाही तर निराश होऊ नका. तीन-चार वेळा करा. केल्यावर मन किती हलके झाले, ते दहापैकी गुण देऊन लिहा. दोन आठवड्यांत तुमच्या मनाला काय मानवते, ते तुमच्याच अक्षरात दिसेल.

सुख ओळखण्याची एक साधी कसोटीही आहे. उद्या सकाळी त्याची किंमत कोण भरणार? गुटखा, मिश्री, दारू, रात्री दोनपर्यंत रील पाहणे यांची मजा आज घेतली जाते आणि हप्ता शरीर भरते, घर भरते. दारूबद्दल तर पंचशील आपण रोज म्हणतो. आणि मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आपले सुख मानणे, हीही धम्मातली भावना आहे. शेजाऱ्याच्या मुलीला नोकरी लागली तर हेवा न करता पेढा मागून खावा. हे सुख फुकट असते.

डॉक्टरांकडे कधी जावे

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामावर जाणे जड झाले असेल, तर ते आळसाचे किंवा नशिबाचे लक्षण नव्हे, तो आजार असू शकतो. भगत-मांत्रिकाकडे न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्तक्षय किंवा थायरॉइडच्या तक्रारीनेही असाच थकवा येतो, म्हणून रक्त तपासून घ्या. चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिरणे आणि गाणे गोळ्यांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नाही. जगणे नको असे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नका. 14416 हा सरकारचा ‘टेली मानस’ क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर लगेच पांगू नका. पाच मिनिटे बसा आणि प्रत्येकाने सांगा, की या महिन्यात मी कोणती एक नवी गोष्ट करणार. पुढच्या पौर्णिमेला विचारा, झाली का. ज्याची राहिली त्याला हसू नका, त्याच्यासोबत जा.

जय भीम! नमो बुद्धाय!