प्रतिकृतीचे प्रमाण

जपानच्या तामिया कंपनीने 1960च्या दशकात पँथर या जर्मन रणगाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली. आत मोटर व दोन सेल मावावेत, म्हणून तिचा आकार तेवढा ठेवला. नंतर मोजल्यावर प्रमाण सुमारे 1:35 भरले आणि तेच पुढे रूढ झाले!

मोटरीसाठी काही जुन्या प्रतिकृतींचा सांगाडा जरा रुंदच केलेला असे. हे ओळखावे कसे? मूळ पँथरची रुंदी, बाजूचे पत्रे सोडून, 3.27 मीटर, 35 ने भागल्यास 93.4 मिलिमीटर येतात. समजा, प्रतिकृती 98 मिलिमीटर भरली, तर प्रमाण 1:33.4 होते. लांबीचे प्रमाण मात्र 1:35 असेल, तर दोन्ही आकृत्या समरूप नाहीत. विद्यार्थ्यांना पट्टीने दोन्ही मापे घ्यायला सांगावे; खोक्यावर छापलेले प्रमाणही तपासून पाहावे.