सहा परस

पारनेर तालुक्यातल्या त्या विहिरीवर मी पाणी बघायला गेलो नव्हतो. रस्त्याकडेच्या काळ्या दगडांच्या ढिगात मध्येच विटेच्या रंगाची माती दिसली, म्हणून गाडी थांबवली. एक ढेकूळ उचललं, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि वास आला तो थेट कोऱ्या माठाचा. कातळाच्या पोटातून निघालेल्या मातीला माठाचा वास कसा?

"सहा परसाला पानी," काठावर बसलेले नाना म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं.

परस म्हणजे उभा माणूस. नाना फुटांत मोजत नाहीत. चाळीस वर्षं विहिरी खोदून त्यांचा एक कान सुरुंगांनी गेलाय, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. काम कसं चालतं ते सांगण्यासारखं फार नाही: भोकं पाडायची, तोटे भरायचे, लांब पळायचं, धूर विरला की यारीच्या बादलीतून दगड वर काढायचा. दिवसभरात विहीर जेमतेम हातभर खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच बादलीतून खाली उतरलो. वरच्या परसभर मुरूम. त्याखाली काळा, घट्ट कातळ. पहारीची खूणही मुश्किलीनं उमटावी असा. चौथ्या परसाला तो एकदम संपतो आणि विहिरीच्या गोल भिंतीवर वीतभर रुंदीचा तांबडा पट्टा कमरेच्या करगोट्यासारखा फिरलेला दिसतो. त्याखालचा दगड मऊ, भोकाभोकांचा, भोकांत पांढऱ्या गारा. नाना त्याला मांजऱ्या म्हणतात. मी पट्ट्यावर हात ठेवला. ओलसर होता. पुन्हा तोच वास.

हा वास जुना आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकता सरकता तो रियुनियनच्या तप्त स्थळावरून गेला, तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. पोटातला भाग सावकाश थिजला, तो कातळ. दोन थरांच्या मध्ये लाव्हा बराच काळ थांबला की दगड झिजून माती व्हायची, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजायचा. कुंभाराची भट्टीच म्हणा, फक्त मडकी नसलेली. नगरच्या पठारापासून अकोले तालुक्यातल्या 1646 मीटर उंच कळसूबाईपर्यंत आपण अशाच थरांच्या उतरंडीवर राहतो.

"म्हंजे अजून खाली गेलं की लाव्हाच लागंल?" नानांनी विचारलं. शाळेतल्या चित्रात लाल रंग भरलेला असतो, त्यामुळे शिकलेल्यांचाही हाच समज असतो. तसं नाही. 1967 च्या भूकंपानंतर कोयनेच्या परिसराचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या एका विंधनात सुमारे 930 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला, थंड आणि जुनाट. साधारण 35 ते 40 किलोमीटरांवर कवच संपतं. त्याखालचं प्रावरण 2900 किलोमीटरपर्यंत, आणि तेही बहुतांश घन दगडच. मात्र इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. खरा वितळलेला थर त्याहून खाली, बाह्य गाभ्यात, आणि तो लोखंडाचा. केंद्र 6371 किलोमीटरांवर.

"किती परस?" नानांनी विचारलं आणि स्वतःच हसले.

आपला भूपट्ट आजही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येला सरकतो, म्हणजे तीन बोटं. पुढे हिमालय अडवून उभा, त्यामुळे ताण अख्ख्या द्वीपकल्पाच्या कवचात साठतो. 1993 मध्ये किल्लारी हादरली त्यामागेही मुख्यतः हाच रेटा होता. हे ऐकून नाना गप्प झाले. मग म्हणाले, "आपुन हातभर खणतो दिवसाला. आपलाच वेग बरा."

शेजारच्या शेतात त्याच दिवशी तमिळनाडूच्या नंबरप्लेटची बोअरची गाडी उभी होती. दोन तासांत पांढऱ्या धुळीनं निम्मं शिवार भरलं. कायद्यानं 60 मीटरपेक्षा खोल विहीर 'खोल' ठरते आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई आहे; ही गाडी किती खाली गेली ते मी विचारलं, उत्तर मिळालं नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. मला ते गाव या गाडीपेक्षा शहाणं वाटतं. नानांचं मत विचाराल तर बोअरवाल्याला तांबडा पट्टा दिसतच नाही. चिखल वर येतो, तेवढंच.

गेल्या आठवड्यात नानांचा फोन आला. मांजऱ्यातून पाझर फुटलाय, रात्रीतून गुडघाभर पाणी साठतं. सहा परस भरायला अजून दोन हात बाकी होते.