साडेअकराची वाट पाहणारा चार्जर

ब्रिटनमध्ये संध्याकाळी सहाला गाडी दारात लावून प्लग जोडला, तरी स्मार्ट चार्जर लगेच वीज घेत नाही. थांबून राहतो. त्या वेळी घरोघरी स्वयंपाक चाललेला असतो, विजेची मागणी शिगेला पोचलेली असते. मध्यरात्री ती ओसरते. पवनचक्क्या मात्र वारा असेल तर फिरतच असतात. म्हणून 'ऑक्टोपस'सारखी कंपनी रात्री ११.३० ते पहाटे ५.३० गाडीवाल्यांना वीज फार स्वस्त देते. घरचा चार्जर साधारण ७ किलोवॅटचा, म्हणजे सहा तासांत ४२ युनिट. रोजच्या जाण्यायेण्याला ती पुरून उरतात.

पण हजारो गाड्या बरोबर साडेअकराला एकदम वीज ओढू लागल्या तर? ग्रिडला हिसका बसेल. यावरचा उपाय मला फार आवडतो. ३० जून २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरने सुरू होण्याआधी दहा मिनिटांपर्यंत कितीही वेळ थांबायचे, असा नियम आहे. एखादा दोन मिनिटे थांबतो, शेजारचा नऊ. मागणी झटक्याने न वाढता हळूहळू चढते.

महाराष्ट्रात सौरऊर्जेमुळे हिशेब उलटा आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५. तेव्हा चार्जर बसवण्याआधी आपल्या वीजबिलावरच्या वेळा एकदा नीट पाहून घ्या.