‘रक्त’ आणि ‘रक्तासारखे’

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने रहस्यकथा लिहून आणली. घटनास्थळी एक केस सापडतो, सूक्ष्मदर्शकाखाली तो संशयिताच्या केसाशी जुळतो आणि पुढच्याच परिच्छेदात गुन्हेगार कबुली देतो. मी शुद्धलेखन तपासले, कथानकाचे कौतुक केले आणि वही परत दिली. ‘जुळतो’ या शब्दाखाली खूण करायला हवी होती, हे नंतर लक्षात आले.

ही रीत तिने ‘सीएसआय : न्यूयॉर्क’ या मालिकेतून उचलली होती. २००४ ते २०१३ या काळात अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर तिची नऊ पर्वे झाली. गॅरी सिनीस यांनी रंगवलेला मॅक टेलर हा प्रयोगशाळेचा प्रमुखही आहे आणि पोलीस अधिकारीही. पुरावे तोच गोळा करतो, तोच तपासतो आणि संशयिताची उलटतपासणीही तोच घेतो. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमध्ये ही कामे वाटलेली आहेत. घटनास्थळ पोलिसांचे पथक हाताळते; डीएनएची तपासणी शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयातील प्रयोगशाळेत होते आणि हे कार्यालय पोलीस खात्याचा भाग नाही. पाऊण तासाच्या भागात एवढी माणसे आणि एवढे दिवस मावत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. मला काळजी वाटते ती तेथल्या भाषेची.

ल्युमिनॉलचेच उदाहरण घेऊ. हे रसायन अंधारात फवारले की डागावर निळसर उजेड दिसतो आणि मालिकेतला तपासनीस लगेच ‘रक्त’ म्हणून मोकळा होतो. पण ब्लीचमुळे आणि तांब्यामुळेही ल्युमिनॉल चमकते. त्या उजेडाचा अर्थ ‘येथे रक्त असू शकेल, पुढची चाचणी करा’ एवढाच असतो.

केसाचा प्रकार याहून गंभीर आहे. सूक्ष्मदर्शकातून दोन केसांत साम्य आहे, एवढे सांगता येते; केस अमक्याचाच आहे, असे सांगता येत नाही. एफबीआयच्या तज्ज्ञांनी न्यायालयात मात्र वर्षानुवर्षे याहून पुढे जाऊन साक्षी दिल्या. जुन्या खटल्यांची फेरतपासणी सुरू असताना, २०१५ साली, त्या संस्थेनेच मान्य केले की तोवर पाहिलेल्या साक्षींपैकी निदान ९० टक्के साक्षींत चुकीची विधाने होती. त्यांत देहदंड झालेल्या आरोपींचे खटलेही होते. ‘सारखा’ आणि ‘त्याचाच’ यांतला फरक पुसला गेला की काय होते, ते यावरून कळावे.

हा फरक सांभाळणारी भाषा आपल्याकडे आहे. ‘पंचनामा’ हा शब्द इंदूर, वडोदरा, बेळगाव येथील हिंदी, गुजराती, कानडी कारभारातही रुळलेला आहे. काळजीपूर्वक लिहिलेल्या पंचनाम्यात ‘रक्ताचे डाग’ असे नसते. ‘रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग’ असे असते. पंचांनी डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. ते रक्त आहे का आणि कोणाचे, हे प्रयोगशाळेने सांगायचे. कचेरीतली म्हणून या भाषेला आपण हसतो, पण तिच्यातल्या ‘सारखे’ या एका शब्दावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असू शकते.

ती वही मी पुन्हा मागून घेतली. विद्यार्थिनीने ‘जुळतो’ खोडून ‘साम्य दिसते’ असे लिहिले. मग कबुली तिथे बसेना. तिच्या तपासनीसाला आणखी चार घरी जाऊन विचारपूस करावी लागली आणि कथा सहा पानांनी वाढली.