अपडेट बिघडलं तरी फायली वाचल्या पाहिजेत

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



काँप्युटरवर एक सूचना येते : 'अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा.' ती बघून माणसांचे दोन गट पडतात. एक गट लगेच बटण दाबतो आणि चहा टाकायला जातो. दुसरा गट 'नंतर बघू' म्हणत महिनोन्महिने ढकलत राहतो. पहिल्याला वाटतं, कंपनीने तपासूनच पाठवलं असणार. दुसऱ्याला वाटतं, चालतंय ना, मग हात कशाला लावा? पण फायलींच्या बाबतीत दोघेही सारखेच उघड्यावर आहेत. अपडेटसोबत जी मागे फिरण्याची सोय येते, ती ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असते. तुमचे फोटो, हिशेब, प्रबंध यांची काळजी ती घेत नाही. ती तुम्हालाच घ्यावी लागते, आणि अपडेटचा हात पोचणार नाही अशा जागी घ्यावी लागते. आजच्या व्याख्यानात एवढंच सांगायचं आहे.

२०१८ साली काय झालं?

मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं एक मोठं अपडेट आणलं, आवृत्ती १८०९. चारेक दिवसांत ते थांबवावं लागलं. काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फायली अपडेटनंतर गायब झाल्या होत्या. दुरुस्त केलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं.

आता हे घडलं कसं, ते नीट बघू. 'डॉक्युमेंट्स' हे नाव आपण जागेचं समजतो. खरं तर ती दारावरची पाटी आहे. एरवी ती सी ड्राइव्हवरच्या एका खोलीला लावलेली असते. विंडोज ती काढून दुसऱ्या खोलीला, समजा डी ड्राइव्हवर, लावू देते. आपल्याकडे डी ड्राइव्हची सवय जुनी आहे. काँप्युटर जोडून देणारा डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो, 'सी मध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारायची वेळ आली तर डी वाचेल.' मग जाणकार माणूस डॉक्युमेंट्सची पाटीच डी वर हलवतो. हलवताना विंडोज विचारते, जुन्या खोलीतलं सामानही नेऊ का? कुणी 'नको' म्हणतं. कुणाचा एखादा जुना प्रोग्राम पाटी न बघता थेट जुन्या पत्त्यावर फायली ठेवत राहतो. परिणाम असा की पाटी नव्या खोलीला आणि थोडं सामान जुन्या खोलीत.

त्याच वर्षी एप्रिलच्या अपडेटनंतर अशा लोकांना एकाच नावाची दोन फोल्डर दिसू लागली, त्यातलं एक रिकामं. लोकांनी तक्रार केली. म्हणून ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये ही जादा, रिकामी फोल्डर काढून टाकणारा कोड घातला गेला. अपडेटच्या क्रमातल्या आणखी एका बदलाशी त्याची गाठ पडली आणि जुनी खोली आतल्या सामानासकट पाडली गेली. वनड्राइव्हच्या एका जुन्या आवृत्तीनेही अशीच पाटी हलवलेली होती, आधीच्या फायली मात्र हलवल्या नव्हत्या. त्या वापरकर्त्यांनाही फटका बसला.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली : फायली गेल्याच्या तक्रारी एक शतांश टक्का होत्या, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. म्हणजे दहा हजारांत एक. आकडा छोटाच आहे. पण त्या एकाचा प्रबंध गेला तर तो पूर्णच जातो, एक शतांश जात नाही. दुसरी : अपडेट सर्वांसाठी येण्याआधी ते वापरून बघणाऱ्या काही लोकांनी फायली गेल्याचं कळवलंही होतं. त्या नोंदी ढिगाऱ्यात हरवल्या. पुढे मायक्रोसॉफ्टने तक्रार नोंदवताना 'हे किती गंभीर आहे' हे सांगायची सोय केली. म्हणजे तपासणी होत असते, तिच्या जाळीलाही भोकं असतात.

फायली 'गेल्या' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

अपडेटनंतर फायली दिसत नाहीत, तेव्हा तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

एक, फायली खरंच पुसल्या गेल्या. २०१८ चं उदाहरण आत्ताच बघितलं.

दोन, फायली आहेत, पण दिसत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही लोकांचा डेस्कटॉप एकदम कोरा, नवाकोरा दिसू लागला. विंडोजने त्यांना तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आत घेतलं होतं. मूळ फोल्डर सी ड्राइव्हच्या 'यूजर्स'मध्ये नाव बदलून तसंच पडून होतं. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारला, तर सुखरूप असलेल्या फायली आपल्याच हाताने जातात. म्हणून आधी 'यूजर्स' फोल्डर उघडून बघायचं.

तीन, फायली आहेत, पण कुलूपबंद आहेत. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही काँप्युटर सुरू होतानाच बिटलॉकरची रिकव्हरी की मागू लागले. ही की ४८ अंकी असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला ते माहीतही नसतं. की त्याच खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. ती आत्ताच शोधा, कागदावर उतरवा आणि रेशनकार्ड ठेवता तिथे ठेवा. की नसेल, तर जगातला कुठलाही दुरुस्तीवाला ती डिस्क उघडू शकत नाही. कुलूप त्यासाठीच आहे.

पहिल्या प्रकारातलं काही झालंच, तर सगळ्यात आधी काँप्युटर वापरणं थांबवा. फाइल पुसली जाते तेव्हा बहुतेक वेळा फक्त तिचा पत्ता पुसला जातो. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत असतो. तुम्ही ब्राउझर उघडलात, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड केलंत, की त्या जागेवर नवं लिखाण सुरू होतं. आणि एसएसडी असेल तर आशा आणखी कमी. तिथे 'ट्रिम' नावाची आज्ञा असते. ती डिस्कला सांगते, या जागा आता लागत नाहीत, मोकळ्या कर. डिस्क तसं करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर बरंच काही परत मिळवता यायचं, ते दिवस एसएसडीवर राहिले नाहीत. म्हणून सगळी भिस्त आधी काढलेल्या प्रतीवर.

बॅकअप वाटतात, पण नाहीत

डी ड्राइव्ह हा बॅकअप नाही. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एका घराच्या दोन खोल्या म्हणा. घराला आग लागली तर दोन्ही जळतात.

सिस्टिम रिस्टोअर हाही बॅकअप नाही. तो सिस्टिमच्या फायली आणि सेटिंग मागच्या तारखेला नेतो, तुमच्या डॉक्युमेंट्सना हात लावत नाही. अपडेटनंतर १० दिवसांत जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय असते. तीही विंडोज परत आणते. २०१८ मध्ये मागे फिरूनही फायली मिळाल्या नाहीत, अशा तक्रारी होत्या.

आणि सिंक हा बॅकअप नाही. हे पटायला जरा जड जातं. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह तुमचं फोल्डर दोन्हीकडे सारखं ठेवतं. इथे फाइल पुसली गेली की तिथेही पुसली जाते. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते, तेवढा दिलासा आहे. पण दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर काय करणार?

मग बॅकअप म्हणजे काय?

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती हिशेबात त्याचा अर्थ असा : एक प्रत काँप्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

यात एक पथ्य आहे. प्रत काढून झाली की यूएसबी डिस्क काढून ठेवायची, आणि अपडेट करताना जोडायची नाही. मे २०१९ च्या विंडोज अपडेटच्या वेळी बाहेरची यूएसबी डिस्क किंवा एसडी कार्ड जोडलेलं असेल, तर ड्राइव्हची अक्षरं अदलाबदल होण्याचा धोका निघाला. मायक्रोसॉफ्टला अशा काँप्युटरवर अपडेट अडवावं लागलं. शिवाय फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत जाते. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत अपडेट पोचत नाही आणि व्हायरसही.

विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय विंडोज ८ पासून आहे. चालू केली की डिस्क जोडलेली असताना दर तासाला बदललेल्या फायलींच्या प्रती काढते. पण ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशी ठरलेली फोल्डरच बघते. डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः बनवलेलं 'दुकानाचा हिशेब' हे फोल्डर तिला आपण होऊन दिसणार नाही. ते यादीत घालावं लागतं.

मराठीत टायपिंग करणाऱ्यांना एक खास सूचना. जुन्या फायली श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर नुसती फाइल वाचून भागत नाही. फॉन्ट नसेल तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. फायलींसोबत ते फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइलही ठेवा. महत्त्वाच्या मजकुराची एक पीडीएफ आणि एक युनिकोड प्रत करून ठेवा.

प्रत उघडून बघा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. वेळ आली तेव्हा कुठलीच नीट चालत नसल्याचं दिसलं. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने कंपनीला वाचवलं. सहा तासांचं काम गेलंच. ही तर तज्ज्ञांची कंपनी होती.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा कपाटातली डिस्क काढा, दुसऱ्या काँप्युटरला जोडा आणि त्यातल्या चार फायली खरोखर उघडा. एक जुना फोटो, एक एक्सेल, एक मराठी मजकूर, एक व्हिडिओ. उघडल्या तर तुमच्याकडे बॅकअप आहे.

मग अपडेट करायचं की नाही?

करायचं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो ज्या छिद्रातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलं होतं. ते लावलेले काँप्युटर त्या वाटेने येणाऱ्या व्हायरसपासून वाचले. म्हणून दर महिन्याचं सुरक्षा अपडेट रखडवू नका. वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या, नव्या आवृत्तीची मात्र घाई नको. २०१८ चं अपडेट पहिल्या दिवसांत त्यांनाच मिळालं, ज्यांनी स्वतः जाऊन 'अपडेट तपासा' हे बटण दाबलं. बाकीच्यांसाठी ते काही दिवसांनी जाणार होतं, त्याआधीच थांबवलं गेलं. सेटिंगमध्ये 'पॉज' असतं. दोनतीन आठवडे थांबायला हरकत नाही. तेवढ्यात प्रत काढून घ्या.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मी मॅक वापरते. मला हे लागू आहे का?

उत्तर : आहे. २००९ मध्ये स्नो लेपर्डमध्ये दोष निघाला होता. गेस्ट खात्यात शिरून बाहेर आल्यावर काहींचं स्वतःचं होम फोल्डर रिकामं झालं. ॲपलने तो नोव्हेंबरमध्ये दुरुस्त केला. तुमच्याकडे २००७ पासून 'टाइम मशीन' आहे. एक बाहेरची डिस्क घ्या आणि ते चालू करा. लिनक्सवाल्यांनी लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर सोडूनच प्रत काढतं. त्याचा वेगळा बॅकअप हवा.

प्रश्न : पेनड्राइव्हवर ठेवलं तर चालेल?

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा बरं. पण पेनड्राइव्ह हरवतो, बिघडतो, वर्षानुवर्षं पडून राहिला तर भरवशाचा राहत नाही. एकमेव प्रत त्यावर ठेवू नका.

प्रश्न : इतकं सगळं करायला वेळ नाही. एकच करायचं तर काय?

उत्तर : जी फोल्डर गेली तर पैशाने परत मिळणार नाहीत, त्यांची नावं कागदावर लिहा. बहुतेकांची पाचसहाच निघतात. ती एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन फायली उघडून बघा, डिस्क काढून कपाटात ठेवा. मग खुशाल अपडेटचं बटण दाबा.