दिवेलागण, सिमकार्डवर!

मरीन ड्राइव्हचा तो वाद आठवतोय? 2015 मध्ये क्वीन्स नेकलेसचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि मुंबईकर हळहळले. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, शेवटी पिवळसर एलईडी आले. राणीला हार परत मिळाला.

आता जरा यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावात उतरा. दिवाळीची सुट्टी, शेवटची एसटी, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि आईचा फोन, "खांबाखांबानं ये बरं!" इथे नेकलेस कुणाला हवाय? पुढचा खांब पेटलेला असावा, बस्स. कापूस वेचून उशिरा परतणाऱ्या बायांना रस्त्यात आडवा पडलेला साप वेळेत दिसायला हवा. सोडियमच्या उजेडात सगळं एकाच पिवळ्या रंगात बुडतं. एलईडीखाली रंग ओळखू येतात, वीजही साधारण निम्मीच लागते. फक्त फार पांढरा नको. 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही रस्त्यांसाठी 3000 केल्व्हिनची मर्यादा सुचवली होती, कारण डोळे दिपतात, झोप बिघडते.

पैशाचं काय? 5 जानेवारी 2015 ला केंद्राची पथदिव्यांची योजना सुरू झाली, तिची आयडिया झकास होती. ईईएसएल या सरकारी कंपनीने आधी खर्च करायचा, पालिकेने तो वाचलेल्या वीजबिलातून फेडायचा. थोडक्यात, ईएमआय! दिव्याचं आयुष्य 50 हजार तास, म्हणजे रोज बारा तास जळला तर अकरा वर्षं. कागदावर हं. व्होल्टेजचे झटके कागद वाचत नाहीत.

खरी गंमत खांबाजवळच्या पेटीत आहे. आत कंट्रोलर, त्यात तुमच्या मोबाइलसारखंच सिमकार्ड. सूर्यास्ताचं गणित मांडून तो दिवे लावतो. राळेगावात सूर्य मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी मावळतो. तिथे मुंबईची वेळ ठेवली तर ऐन दिवेलागणीला अंधार. भरदुपारी जळणारे दिवेही (आपण सगळ्यांनीच पाहिलेत) याने बंद होतात. अख्खी लाईन गेली की कंट्रोल रूमला मेसेज जातो.

पण पेटीला कळतो तो सगळ्या लाईनचा हिशेब. चाळीसातला कुठला एक दिवा गेला, हे तिला सांगता येत नाही. प्रत्येक खांबावर वेगळा कंट्रोलर बसवता येतो, पण तो महाग. तेव्हा तुमच्या गल्लीच्या तोंडावरचा दिवा बंद असेल, तर सुट्टी संपायच्या आत नगरपंचायतीत जाऊन खांबाचा नंबर देऊन या. नंबर खांबावरच रंगवलेला असतो. असला तर!